गेटचं आतलं माप

हे बाहेर कोणाला सांगायचं नाही असं घरात ठरलंय, आणि ठरवताना सगळे माझ्याकडेच बघत होते. पण तुम्ही चहा घेताय ना? मग ऐका.

आमचा प्रशांतदादा, मोठ्या काकांचा मुलगा, धरणगावात आमच्या अंगणात गाडी बनवत होता. विकत घेतलेली नाही, बनवलेली! जुन्या जीपची चेसिस, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन आणि पत्रा ठोकून केलेली बॉडी. त्या ठोकाठोकीनं अख्ख्या गल्लीची दुपारची झोप उडाली. शेवटी आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मुदत घालून निकाल दिला, "आखाजीले गाडी गेटना भाईर निंघनी ते तुनी, नही ते भंगारवालानी."

मागच्या रुंद टायरांवर मडगार्ड तेवढे राहिले होते. ते करायला दादा धुळ्याला फिरोजभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेला. मडगार्ड जितके फुगीर तितकी गाडी रुबाबदार, असं दोघांचं मत. तिथून मला फोन. तुझं काम नीटनेटकं असतं, म्हणाला. गेटचं आतलं माप सांग, दोन्हीकडे चार बोटं सोडून पत्रा कापतो.

आतलं माप! मला केवढं हायसं वाटलं. बाहेर गल्लीत टेप धरून उभं राहायचं म्हणजे मी लाजेनं मेलेच असते. मी आत उभी राहिले आणि गेट या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. इंचावरचे सूतसुद्धा सांगितले.

आता, आमचं गेट खांबांच्या मधे नाही, त्यांच्या मागे, अंगणाच्या बाजूनं बसवलंय. दोन्हीकडे वीतभर खांबावर चढलेलं. आतून ते भलंमोठं दिसतं. आणि आतलं माप म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, हे मला कोणी सांगितलं होतं का? मी विचारलं नव्हतं, ते सोडा.

मडगार्ड आले, सोबत फिरोजभाईही. एकही नट दिसायला नको म्हणून फिरोजभाईंनी ते वेल्डिंगनं बसवले, सांधे घासले, वर लालभडक रंग.

आखाजीच्या सकाळी सणाच्या झोक्यावरच्या पोरीसुद्धा उतरून बघायला आल्या. गाडी पहिल्या दमात सुरू झाली. आबा काठी टेकत आले आणि कोणी न बोलावता पुढच्या सीटवर बसले. टोपी सरळ केली. दादानं ऐटीत गाडी काढली. बॉनेट बाहेर, आबा बाहेर, आणि खर्रर्र...

अर्धी गाडी गल्लीत, अर्धी अंगणात.

"माप कुठून घेतलं होतंस?" दादानं विचारलं.

"आतून. तूच म्हणालास."

फिरोजभाईंनी खांब पाहिला, गेट पाहिलं, मला पाहिलं आणि रुमालात तोंड लपवलं. दादाचा चेहरा मात्र उतरला. मडगार्ड कापावे तर सगळी मेहनत पाण्यात, न कापावे तर गाडी भंगारात.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून आवाज आला. "खांब कोना शे? मनाच ना? मंग पाडा. मी काई उतरत नही."

घण आला, खांब पडला, आणि आबा गावभर फिरून आले. आता ती आबांची गाडी आहे.

नव्या खांबाला मात्र अजून मुहूर्त नाही. तोवर रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून मी बसते, शेळ्या हाकलत. गेट कुठे गेलं म्हणून कोणी विचारलं की दादा माझ्याकडे बोट दाखवतो, "हे काय, बसलंय."

पण खरं सांगू, मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही, कारण काल आबांनी मला हळूच...

"माधुरी! शेळ्या तुळशीपाशी पोचल्या ना गं!"

आले, आई! तर आबा मला म्हणाले की, "तू माप चुकनी, म्हनीसन ते गाडी मनी व्हयनी."