विकलेल्या मागाचा ठेका

बेळगावात, शहापूरच्या गल्लीत, शालूबाईचा सारा जन्म मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला. नवरा रवळूअण्णा साड्या विणायचा. मागाची खटखट थांबली की हिला गाढ झोपेतूनही जाग यायची, अशी सवय. अण्णाचे गुडघे गेले, माग विकला आणि घर गप्प झालं.

एका दुपारी जेवून आडव्या झालेल्या नवऱ्याच्या पोटावर तिचा हात पडला आणि ती दचकली. बेंबीच्या वर माग चालला होता. तोच ठेका.

"आत्ता कळलं व्हय तुला?" अण्णा हसला. "माग गेला, पर ठेका माझ्यापाशीच ऱ्हायला."

भोळी शालूबाई कौतुकानं हे शेजारणींना सांगत सुटली. मुलगा सूरज मात्र घाबरला आणि बापाला दवाखान्यात घेऊन गेला. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. फुटली तर माणूस हाती लागणं कठीण. डॉक्टरांनी विड्या ओढण्याचं विचारलं. माहेरून, निपाणीहून, दर खेपेला विड्यांचे कट्टे आणणारी शालूबाई मान खाली घालून बसली.

उपाय दोन होते. पोट उघडून तिथं कापडी नळी शिवायची: सुरुवातीला धोका मोठा, पण निभावलं की सहसा कायमचं काम. नाहीतर जांघेतून तारेच्या जाळीची कापडी नळी आत सरकवायची: लवकर घरी, पण कडेनं रक्त झिरपू शकतं, म्हणून दर वर्षी तपासणी, जन्मभर.

"मागावरचं कापड अर्ध्यात कापत न्हाईत," अण्णा म्हणाला. "सरकवाच."

नळी बसली, पोट गप्प झालं. पहिली तपासणी झाली. पुढची अण्णानं उडवून लावली. "गुमान हाय की. कशाला डिवचायचं?" असल्या हट्टी माणसापुढं कोण बोलणार! शालूबाईनंही नाद सोडला.

परवा दुपारी तो चटईवर पडून बोटांनी ताल धरत होता. चेहरा उजळलेला.

"शालू, हात लाव गं. माग परत सुरू झालाय."

तिनं हात लावला. खट, खट. कडेनं रक्त झिरपू शकतं, हे डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं आणि ती दाराकडं धावली.

"सूरज, गाडी काढ रं!"

गाडीत अण्णा डोळे मिटून हसत होता. शालूबाईनं पोटावरचा हात काढला नाही. तो ठेका तिला नको होता, आणि तो थांबेल या भीतीनं तिचा जीव जात होता. शेवटी ती त्या ठेक्यालाच विनवू लागली, "थांबू नगंस रं बाबा, दवाखाना येस्तवर थांबू नगंस."