उलटा हात

चेन्नईजवळच्या ओरगडमला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे तंजावरी मराठी गृहस्थ फायर सेफ्टीवाले होते. बंद दाराला ते आधी उलटा हात लावून बघायचे, अगदी बसच्यासुद्धा. पलीकडे आग असली की दार तापतं म्हणे. मला हसू यायचं.

फायर सेफ्टीचं सर्टिफिकेट मीही घ्यावं का, याची आकडेमोड चालली होती. विचारलं, "काका, फी वसूल होते का?"

"पगार वाढतो, तंबी," धाकट्या भावाला तमिळमध्ये म्हणतात तसं ते मला म्हणायचे. "पण मग झोपलेल्या पोरांच्या खोलीचं दारही नुसतं उघडता येत नाही."

फी मी भरलीच नाही. तरी त्या संध्याकाळी वेस्ट मांबलमला घरी पोचलो, तेव्हा कुलूप काढण्याआधी माझा उलटा हात आपोआप दाराला लागला.

आमच्या जिन्यात ऊन येत नाही. दार गरम होतं.