उजवा पाय राखणारी घोडी

लतिका टिपणीस अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये आली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत तिने एकाही जनावरावर उपचार केले नव्हते. परळच्या कॉलेजातून पशुवैद्यक झालेली बाई. पुण्याच्या रेसकोर्सवर सहा वर्षं घोड्यांचे पाय चाचपण्यात गेलेली. इथे नवरा यतीन रिसर्च पार्कमधल्या एका कंपनीत प्रोग्रामर, आणि ती त्याच्या व्हिसावर आलेली बायको. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. फुकट राबायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

म्हणून २००५ च्या मार्चमध्ये ती दीड तास ड्राइव्ह करून हॉलोवे फार्मवर जायला लागली. तिथे दर एप्रिलमध्ये एका शनिवारी घोड्यांच्या हर्डल, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या घेत पळायच्या, शर्यती होत. सुरुवातीला तिच्या वाट्याला पाण्याच्या बादल्या भरणं आलं. मग एकदा तिला एका मोतद्दाराशी खुराबद्दल बोलताना बेव्हरली कॉर्बेटने ऐकलं. बेव्हरली म्हणजे तिथल्या कमिटीची प्रमुख. शर्यतींच्या पुस्तिकेत प्रत्येक शर्यतीसाठी अर्धं पान असे: कोणता घोडा कसा, कुणाला किती संधी. फक्त घोडींसाठी असलेल्या शर्यतीचं पान बेव्हरलीने लतिकाला देऊन टाकलं.

लतिकाने ते काम परीक्षेसारखं अंगावर घेतलं. पुण्याला सपाट शर्यती. उड्यांचं तिला काही ठाऊक नव्हतं. तिने गेल्या दोन वर्षांच्या ठिकठिकाणच्या शर्यतींच्या टेप मागून आणल्या आणि दुपारभर मागेपुढे करत पाहिल्या.

"अगं, आठ तर घोड्या आहेत," यतीन म्हणाला. "जी जास्त वेळा जिंकलीय तिच्यावर टिक कर आणि संपव ना यार."

"जिंकलेली कोण ते तूही सांगशील. उडी मारून खाली येताना ती काय करते ते बघायचं असतं."

एक तांबूस घोडी उड्या सुरेख घ्यायची, पण शेवटच्या वळणावर तिचा दम संपायचा. एक वेगवान होती, पण प्रत्येक अडथळ्यापुढे क्षणभर बिचकायची. मिस पर्सिमन नावाची बुटकी काळी घोडी टेपवरच्या तिच्या तीनही शर्यतींत मागे राहिली होती. तिला लतिकाने आपल्या क्रमवारीत सातवी लावलं. आणि सिल्व्हर थिंबल, राखी रंगाची, गेल्या वर्षी तीन शर्यती जिंकलेली. सगळ्यांची पसंती तिलाच.

शर्यतीच्या दोन आठवडे आधी लतिका कुंपणाबाहेरून सकाळचा सराव बघायला गेली. सिल्व्हर थिंबलने सहा उड्या घेतल्या आणि सहाही वेळा तिचा डावा पाय आधी टेकला. घरी येऊन लतिकाने टेप पुन्हा लावली. गेल्या वर्षी ती कधी डाव्या, तर कधी उजव्या पायावर उतरत होती. याचा अर्थ सरळ होता. उडीनंतर जो पाय आधी टेकतो त्यावर सगळा भार येतो, आणि घोडी आता उजवा पाय राखत होती.

तिने लिहून पाठवलं: 'वेगात आणि अनुभवात हिच्या जवळपास कुणी नाही. पण सध्या ती उजवा पुढचा पाय राखून उतरते आहे. तो नीट तपासल्याशिवाय हिला पहिला नंबर देता येणार नाही.'

दुसऱ्या दिवशी बेव्हरलीचा फोन आला. "स्वीटी, फार छान लिहिलंयस. फक्त ती पायाची ओळ काढू या. घोडी हॉलोवेंची आहे, आणि मैदानही त्यांचंच."

"मग तिच्याबद्दल काहीच छापू नका."

"बरं, बरं. बघते मी."

शनिवारी सकाळी पुस्तिका हातात पडली. 'सिल्व्हर थिंबल उत्तम फॉर्मात असून तिला हरवणं कठीण.' आणि खाली, 'डॉ. लकिता टिपनिस, रेसकोर्सच्या अनुभवी पशुवैद्य.' नाव चुकलं होतं; 'डॉक्टर' मात्र बरोबर छापलं होतं. लतिका तडक बेव्हरलीला शोधत निघाली.

बेव्हरली मोठी हॅट घालून पाहुण्यांच्या घोळक्यात उभी होती. "आत्ता नको, हनी," एवढंच म्हणाली.

लतिका शर्यतीवर नेमलेल्या घोड्यांच्या डॉक्टरकडे गेली. तरुण, सभ्य माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "इथलं लायसन्स आहे तुमच्याकडे?"

"नाही."

तरीही त्याने कारण न सांगता मोतद्दाराकरवी घोडी बाहेर काढली आणि कडक जमिनीवर दोनदा दुडक्या चालीने पळवली. ती सरळ पळाली. "तुम्हीच बघा," तो म्हणाला.

लतिकाने पाहिलं. ती लंगडत नव्हती. "पळताना नाही, उडीनंतर उतरताना राखते ती."

"शर्यतीच्या तासभर आधी मी तिला उड्या मारायला लावू?"

लतिकाच्या छातीवरचा स्वयंसेवकाचा हिरवा बिल्ला बघून गार्डने तिला दोराबाहेर उभं केलं.

शर्यत सुटली. यतीन तिच्या शेजारी गवताच्या उतारावर होता. राखी घोडी पहिल्यापासून पुढे. नवव्या अडथळ्याला मात्र तिचं पाऊल चुकलं आणि ती उजव्या पायावर उतरली. दोन ढांगा टाकल्या आणि तिची मान खाली गेली. जॉकी उडी मारून उतरला आणि लगाम धरून उभा राहिला. मागून मिस पर्सिमन आली आणि जिंकून गेली.

"तू बरोबर होतीस," यतीन हळूच म्हणाला.

"आणि जिंकली ती मी सातवी लावलेली!" लतिका त्याच्यावर खेकसली. "मला यातलं काही कळतं की नाही, हेच आता मला कळेनासं झालंय."

संध्याकाळी तिला राहवेना. बिल्ला काढून ती तबेल्यात शिरली. सिल्व्हर थिंबलची ट्रेनर डोना रीव्हज, साठीची बाई, चिखलात गुडघे टेकून घोडीच्या पायाला बर्फ लावत होती.

"पुस्तिकेतलं ते तूच लिहिलंस ना?" डोनाने तिचा चेहरा बघून विचारलं. "पंधरा दिवस मला या पायाची शंका येत होती. डॉक्टरांना काही सापडेना. आज सकाळी वाचलं, रेसकोर्सची डॉक्टर म्हणते उत्तम फॉर्म. म्हटलं, डोना, वय झालं तुझं, उगाच धसका घेतेस."

लतिका धावत गाडीकडे गेली आणि आपल्या मूळ मजकुराचा कागद घेऊन आली. डोनाने तो दोनदा वाचला.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"मला तबेल्यात यायची परवानगी नव्हती."

"दोन आठवडे होते तुझ्याकडे. माझा नंबर फोनबुकात आहे."

फोन करायचं लतिकाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती एका ओळीसाठी भांडत बसली होती आणि घोडीचा तिला विसर पडला होता. घरी जाताना ती सारा रस्ता धुसफुसत राहिली: बेव्हरलीवर, व्हिसावर, बिचाऱ्या यतीनवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

पायाचा स्नायुबंध फाटला होता. घोडी वाचली, पण पुन्हा शर्यतीत उतरली नाही. लतिकाने दुरुस्ती छापा म्हणून मेल केली, तर पुस्तिका वर्षातून एकदाच निघते असं बेव्हरलीचं उत्तर आलं. सोबत आभार होते आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रणही. लतिकाने रागाची तीन उत्तरं लिहिली, तिन्ही पुसली आणि एकच ओळ पाठवली: माझं नाव यापुढे कुठेही छापू नका.

जूनमध्ये डोनाचा फोन आला. "दोन नव्या घोड्या आल्यात. हात लावायचा नाही, कायदा मला ठाऊक आहे. कुंपणापाशी उभी राहा आणि दिसेल ते सांग."

गुरुवारी लतिका गेली. पहिली घोडी अडथळा ओलांडून आली तशी डोनाने वळून विचारलं, "काय दिसलं?"

"अजून पाच उड्या मारू देत," लतिका म्हणाली. "एका उडीवर मी काही बोलणार नाही."