हेल

कतारमधल्या अल खोरच्या कंपनी बसमध्ये एक म्हातारी स्कॉटिश नर्स शेजारी बसायची. कुणी बोलू नये म्हणून मी वॉकमन लावायचे. तिचं नावही विचारलं नाही. एकदा ती डोळे मिटून हळू गात होती. मी कानावरचा वॉकमन काढला.

“भाऊ गेला माझा. आमच्या बेटावर बायका गेलेल्या माणसाशी आमच्या गेलिक भाषेतल्या गाण्यातून बोलतात. रागावतातसुद्धा. तुमच्याकडे?”

बाबा गेले तेव्हा आत्याने असाच हेल काढला होता. बाहेर आलेल्या मैत्रिणींना ऐकू जाईल म्हणून मी दार लावून घेतलं होतं. रडले नव्हतेच. हे मी तिला सांगितलं.

“आत्या काय म्हणत होती? तुमच्या भाषेत सांग.”

‘दादा, न सांगता कसा रे गेलास?’ एवढंच सांगायचं होतं. पण ‘दादा’ऐवजी तोंडून ‘बाबा’ निघालं, आणि पुढचं मला म्हणताच येईना.