क्योतोतलं गाऱ्हाणं

वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी जपानात भाड्याची सायकल घेऊन फिरत होते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो. बघू दे. पण त्या दिवसाइतकी देवाच्या जवळ मी पुन्हा कधी गेले नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. शिक्षण महाडला झालं आणि नोकरीही तिथल्याच एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. दोन हजार सालाच्या पुढेमागे कारखान्याने जपानी यंत्र घेतलं आणि ते शिकायला महिनाभर ओसाकाला मला पाठवायचं ठरलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांच्या छातीत तेव्हा अधूनमधून कळ यायची. मी जात नाही म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. "जा गो! मी काय पळून जातोय? हायच मी हितं!" गेले मग. तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. अण्णांना पुण्याला हलवलं होतं आणि परवा सकाळी ऑपरेशन होतं. साहेबांच्या मागे लागून तिकीट बदलून घेतलं, पण मिळालं ते ऑपरेशननंतरचंच.

नेमकी त्या दिवशी तिकडे कसली तरी सुट्टी. संध्याकाळशिवाय काही कळणार नाही, असं भावाने बजावलं होतं. खोलीत भिंती बघत बसले असते तर वेड लागलं असतं, म्हणून उठले आणि आगगाडीने क्योतोला गेले. जुनी राजधानी, देवळांचं शहर, एवढंच ऐकून होते. स्टेशनजवळ भाड्याच्या सायकली दिसल्या आणि परक्या मुलखात पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटलं. शाळेत असताना चवदार तळ्याच्या आजूबाजूला तासावर सायकल घेऊन, गुडघे फोडून घेत मी शिकले होते. "पोरीची जात, हाडं मोडशील!" म्हणून आई ओरडायची आणि अण्णा गुपचूप आणखी एका तासाचे पैसे हातावर ठेवायचे. काय दिवस होते ते!

शहर सपाट होतं, गल्ल्या रेघ मारल्यासारख्या सरळ. बुटकी लाकडी घरं, दारात पाणी मारलेलं, नदीच्या उथळ पाण्यात बगळे उभे. अजूनही डोळे मिटले की ती गल्ली दिसते, ओल्या लाकडाचा वास येतो. गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर दगडाचा लहानसा देव होता, गळ्यात लाल फडकं, पुढे ताजी फुलं. मी पॅडल मारत होते आणि दिसेल त्या देवाला नवस बोलत सुटले होते. अण्णांना वाचव, चांदीचे डोळे वाहीन. वाचव, मासे सोडते. मासळीबाजारात घासाघीस करावी तसं ते चाललं होतं, आणि मन काही थाऱ्यावर येत नव्हतं.

शहराच्या कडेला एका चढावर खटकन चेन पडली. खाली बसले, काडीने ओढून चेन पुन्हा चढवली, हात काळेकुट्ट झाले. मान वर केली तर समोर देऊळ. देऊळ कसलं, घुमटीएवढंच होतं. पुढे लाकडी कमान, मागे प्रचंड झाड आणि त्याच्या खोडाला बांधलेला जाड दोर. आमच्या देवराईत गावदेव भैरीच्या मागे झाड आहे, अगदी तसंच. मला भडभडून आलं. सवयीने चपला कमानीबाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले. आत पाला झाडणारी एक म्हातारी माझ्या पायांकडे बघतच राहिली. तिथे देवळाच्या अंगणात कुणी अनवाणी जात नाही, हे मला नंतर कळलं. थंडीने तळवे बधिर झाले होते. तिने झाडू ठेवला, मला हात धुवायला पाणी दिलं आणि बाहेर जाऊन माझ्या चपला उचलून आणल्या. देवळात हातात चपला! मी "नको, नको" करत राहिले, ती मात्र त्या माझ्या पायांशी नीट मांडून मोकळी झाली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. गावावर काही संकट आलं, की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. आमच्या गावाचं गाऱ्हाणं अण्णा घालायचे. ते एक मागणं बोलून थांबायचे आणि मागे उभा असलेला गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" मागून हुंकार आला नाही तर गाऱ्हाणं देवाला पोचलंच नाही असं धरतात. बायकांनी ते घालायची पद्धत नाही. मी लहानपणापासून लांबून ऐकलेलं, तेवढंच.

त्या झाडापुढे हात जोडले आणि अण्णांचेच शब्द तोंडातून बाहेर पडायला लागले. "बा देवा, हितल्या जागेच्या मालका, परमुलखातली लेक तुझ्यापुढं उभी हाय." बोलले आणि थांबले. मागे गाव नव्हता. एवढं एकटं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात मागून हलकेच आलं, "हं."

म्हातारी माझ्या मागे हात जोडून उभी होती. तिला माझं एक अक्षर कळत नव्हतं. समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं, तर आपण ऐकतोय एवढं तिने कळवलं. मी पुढचं बोलले. "माझ्या बापाची छाती आज उघडलीय, तिथं तू उभा राहा." हं. "डॉक्टरांच्या हाताला यश दे." हं.

शेवटचं वाक्य राहिलं. अण्णा शेवटी नेहमी म्हणायचे, "आमचं सांगून झालं. आता तुझं तू बघ." लहानपणी मला वाटायचं, अण्णा देवाला दम देतात! त्या दिवशी कळलं, हे म्हणायला किती छाती लागते. हे म्हटलं की नवस संपले, घासाघीस संपली. तो जे करेल ते मान्य. माझी जीभ उचलेना. अण्णांना आपण सोडून देतोय असं वाटून मी हमसून रडले. म्हातारी घाई न करता तशीच थांबली होती. शेवटी मी म्हटलं, "आता तुझं तू बघ." आणि मागून आलं, "हं."

पुण्यात काय चाललंय याचा मला तेव्हा काडीचाही पत्ता नव्हता. तरी छातीवरचा धोंडा उतरला. लोक मला विचारतात, देवाने तुझं ऐकलं का? मला मिळायचं ते तिथेच मिळालं होतं, आणि पुण्याची बातमी अजून यायची होती. म्हातारीच्या पाया पडले, तशी ती बिचारी गडबडून कमरेत वाकली. संध्याकाळी भाऊ फोनवर म्हणाला, "शुद्धीवर आलेत. चहा मागतायत."

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं म्हणून चिडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तिचं नाव नाय विचारलंस?" नाही विचारलं. सुचलंच नाही.

पुढच्या शिमग्याला अण्णांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. गावासाठी मागून झालं, मुंबईला गेलेल्या पोरांसाठी झालं, माहेरवाशिणींसाठी झालं. मग अण्णा थांबले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि बा देवा, ती जपानची म्हातारी जिथं असंल तिथं तिला सुखी ठेव." दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाऱ्हाणं माझा चुलतभाऊ घालतो. तो अजून तिच्यासाठी मागतो.