धोंड्याचा जावई टाकीत

मी सासुरवाडीच्या पाण्याच्या टाकीत अडकलो, तेव्हा मला कुणीही आत ढकललेलं नव्हतं.

अधिक महिना, जाफराबादला धोंड्याचं जेवण. मी जालन्यात प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात कामाला. गच्चीवरची टाकी बुडाशी गळते, एवढं कानावर पडलं आणि मला चेव चढला!

मेहुणा गजू म्हणाला, "दाजी, नवी घिऊ ना!"

"नवी कशाला? हे पॉलिथिन हाय! तापवलं की मऊ, गार झालं की घट्ट. आमचे पाइप, पाण्याचे कॅन, भाजीचे क्रेट, समदे असेच बनतेत. याला डिंक बिलकुल चिकटत न्हाई, वितळवूनच जोडावं लागतं. अन् ठिगळ आतून लावायचं, म्हंजे पाण्याच्या दाबानं आणखी बसतं!"

(कुणीतरी मला अडवायला हवं होतं. पण धोंड्याच्या जावयाला अडवणार कोण?)

जेवणानं तट्ट फुगलेलं पोट आत ओढून कसाबसा रिकाम्या टाकीत उतरलो. गजूनं गॅसवर तापवून दिलेलं खुरपं जुन्या कॅनच्या तुकड्यावर फिरवलं. ठिगळ असं बसलं की मीच थक्क! खुरपं घेऊन गजू खाली गेला, आणि तेवढ्यात लाईट आली.

मोटरचं बटण चालूच राहिलेलं! डोक्यावर धो धो पाणी. टाकीच्या तोंडाची कड धरून वर चढायला गेलो, तर पाय सटासट घसरायला लागले. खांदे निघेनात, पुरणपोळ्यांनी भरलेलं पोट तर लांबच राहिलं! पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला! घाबरून पायानं ठिगळ चाचपलं. जागचं हललेलं नव्हतं! जन्मात एक काम बराबर झालं, तेही नेमकं आज!

"गजूऽऽऽ!"

खाली सासूबाई किंचाळल्या, "अगं माय, टाकी वरडून राह्यली!"

"टाकी न्हाई, हे हायेत आत!" बायको धावली. "गजू, मोटर बंद कर जल्दी!"

"आरं देवा! मी दाजीला इसरूनच गेल्तो!"

मोटर थांबली तेव्हा पाणी काठोकाठ होतं. त्याच पाण्यानं मला वर उचललं. डोकं निघालं, अंग चोरून एकेक खांदा निघाला, आणि पोटाशी बूच बसलं! नेमक्या त्याच क्षणी सासूबाई धापा टाकत गच्चीवर आल्या. टाकीतून उगवलेला जावई बघून त्यांचे डोळे विस्फारले. पण पाहुणचार तो पाहुणचार! डोक्यावरचा पदर सावरत त्या कशाबशा म्हणाल्या,

"जावाईबापू... च्या टाकू का?"

"टाका," मी म्हणालो. "फक्त पाणी शेजारून आणा."