राहिलेला कोपरा

वर्कशॉपमध्ये तिला सगळे बारकी म्हणत. फिटरच्या वर्गात ती एकटीच मुलगी, त्यात सोळाव्या वर्षी आई झालेली. ज्याचं मूल, त्याच्या घरच्यांनी रातोरात बिऱ्हाड हलवलं. आमच्यातल्या काहींनी तिच्याशेजारी डबा खाणं सोडलं. सुट्टीत पोरं सायकली काढून तळ्यावर जायची आणि बारकी बाकावर डोकं टेकून झोपायची.

तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची. नातवासाठी तिने काम सोडलं, पण मालकाने जागा धरून ठेवली होती.

"पास झालीस तर कारखान्यात जा," आईने सांगून टाकलं. "नापास झालीस तर माझ्या जागी तू उभी राहा. पोराला मी बघते. दोघी घरी बसलो तर खायचं काय?"

बारकीने घरी खिडकीखालच्या फळीला लोखंड पकडून ठेवणारा जुना व्हाइस ठोकला होता. बाळ झोपलं की ती कानस घेऊन लोखंड घासायची. बाळाला त्या करकरीची इतकी सवय, की ती थांबली की तो उठायचा! मग काम टाकून त्याला घ्यायचं. परत आल्यावर कुठवर घासलं होतं ते आठवत नसे, म्हणून आधी माप, मग कानस. ही सवय वर्कशॉपमध्येही सुटली नाही.

सर चिडवायचे, "बारके, लोखंड घासतेस की त्याचा ताप बघतेस?"

परीक्षेत दोन तुकडे घासून एकमेकांत बसवायचे होते. एरवी वर्ग अर्ध्या दिवसाचा, पण परीक्षा दिवसभराची, म्हणून मधल्या सुट्टीत आई बाळाला घेऊन फाटकाशी आली. बारकीने हात धुतले, तरी तेलाचा वास जाईना. बाळ तोंडच लावेना.

"परत धू," आई म्हणाली. "साहेबांना वास चालत नाही."

साहेबांचं पोट भरेपर्यंत सुट्टी कधीच संपली होती.

ती परतली तेव्हा सगळे पुढे निघून गेले होते. तिची बसवणी अजून व्हायची होती, शिवाय थोड्या गुणांसाठी बाहेरचा एक कोपरा तिरका करायचा होता. शेजारचा पोरगा कुजबुजला, "मापं सोड गं, दणादण घास!"

तिने कानस उचलली, थांबली, खाली ठेवली. माप घेतलं. थोडं घासलं. पुन्हा माप. घंटा झाली तेव्हा तुकडे बसले होते, पण कोपऱ्याला हातही लागला नव्हता.

परीक्षक कारखान्यातले फोरमन होते. त्यांनी एकेकाचा जॉब, म्हणजे बसवलेले तुकडे, उजेडापुढे धरला. आमचे जॉब पूर्ण होते, पण बऱ्याच जणांच्या फटीतून उजेड दिसत होता. बारकीच्या जॉबमधून काहीच दिसेना.

"हा कोपरा का सोडला?"

"वेळ गेला, सर. बाळाला पाजायला गेले होते."

मागे कोणीतरी मुद्दाम खाकरलं. फोरमननी मान वर केली नाही.

"घाईत उरकता आला असता की."

"आला असता. पण मग बसवणीही घाईत होऊन बिघडली असती. मला नापास व्हायला परवडत नाही, सर."

आम्ही सगळे सतरा वर्षांचे. न परवडणं म्हणजे काय, हे आमच्यात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

कोपऱ्याचे गुण गेले, बसवणीचे पुरते मिळाले. ती पास झाली आणि फोरमननी तिला कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतलं. घरी जाऊन तिने सांगितलं आणि रडायलाच लागली.

"आता काय झालं?" आईने विचारलं.

"दिवसभर तिकडे. हा पिणार कधी?"

"वाटीचमचा शिकवू त्याला," आई म्हणाली. "तू उद्या वेळेवर ऊठ म्हणजे झालं."